तरीची वाट

बाबा तारापूरला शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनी लोकांना गाव दाखवायला सुरुवात केली. रविवारी पालघर-बोईसरकडची माणसं यायची. किल्ला, अग्यारी, पारशांची बंद पडलेली घरं, कोळीवाडा असं फिरवून बाबा त्यांना दुपारी आमच्याच घरी जेवायला आणत. मी राहते सरावलीला, नवरा तिथल्याच कारखान्यात, माझं ऑफिस पालघरला. रविवार घरकामातच जायचा. त्यामुळे बाबांची ही सहल मी कधी पाहिलीच नव्हती.

त्या रविवारी सकाळी आईचा फोन आला. आज तू जा त्यांच्याबरोबर, म्हणाली. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, ऊन फार असतं, कुणी सोबत असलेलं बरं. डिसेंबर चालू होता. मी स्वेटर घालून रिक्षात बसले.

पालघरच्या एका बँकेतली मंडळी आली होती, बायकापोरांसह. किल्ल्याच्या तटापाशी बाबांनी सुरुवात केली आणि मला बरं वाटलं. पोर्तुगीज इथे कसे उतरले, हा दगड कुठून आणला, पुढे मराठ्यांनी सुरुंग लावून बुरूज कसा उडवला, हे ते असं सांगत होते की लहान पोरंही मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. सुरुंगाला बत्ती लागण्याआधी ते जरा थांबले. सगळे श्वास रोखून उभे. मग त्यांनी हाताने तट कोसळल्याची खूण केली, आणि लोक हसले.

तिथून आम्ही पारशी आळीत गेलो. एका घराला कुलूप होतं, ओटीवर पानांचा खच. बाबा फाटकाशी थांबले आणि आत बघून म्हणाले, "बावाजी, पाहुणे आणलेत." मग उत्तराची वाट पाहत उभे राहिले. लोकांना ती गंमत वाटली. मलाही आधी तसंच वाटलं. पण वाट पाहणं जरा जास्तच लांबलं. मग बाबा आमच्याकडे वळून म्हणाले की आज बावाजींची तब्येत बरी दिसत नाही.

अग्यारीच्या बाहेर त्यांनी बुरुजाची गोष्ट पुन्हा सांगितली. शब्द तेच. बत्ती लागण्याआधी थांबले तेही तेवढंच. लोक याही वेळी हसले, पण कमी. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी नजर चुकवली.

पुढे कोळीवाडा पाहायचा आणि घरी परतायचं, असं ठरलेलं होतं. बाबा मात्र कोळीवाड्याच्या अलीकडेच खाडीकडे वळले. त्यांची चाल वाढली होती. जमिनीकडून वारा सुटला होता आणि त्यात बोईसरच्या कारखान्यांचा उग्र वास होता. आमच्या अंगवळणी पडलेला, पण पोरांनी नाकाला रुमाल लावले. कुठे चाललोय, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, चिंचणीला, मामांकडे. पाहुण्यांना पलीकडचं गावही दाखवायला हवं.

पूल बराच वरच्या अंगाला राहिला होता. पूर्वी, पूल नव्हता तेव्हा, लोक तरीने, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होडीने, खाडी ओलांडत. बाबांची आई चिंचणीची. लहानपणी ते तिच्याबरोबर याच वाटेने आजोळी जात.

किनाऱ्यावर झिजलेल्या दोन-चार पायऱ्या होत्या, पुढे ओला गाळ. बाबांनी सगळ्यांना पायऱ्यांवर बसायला सांगितलं. तर पलीकडे आहे, आता येईल, म्हणाले. मग चपला हातात घेतल्या, पँट दुमडली आणि गाळात उतरले. बँकेतली दोघं-तिघं हसत, फोटो काढत त्यांच्यामागे निघाली.

बाजूला एक मावशी सुकट वाळत घालत होत्या. त्या ताडकन उठल्या. "ताई, मास्तरला मागं बोलवा," मला म्हणाल्या. "भरती लागली हाय. गाळात पाय रुतला तं निगायचा नाय."

फोटोवाल्यांना मी ओरडून मागे बोलावलं. ते आले. बाबा चालत राहिले. पाणी चकचकीत, सपाट, आवाज न करता आत सरकत होतं. मी साडी खोचून गाळात उतरले, त्यांना गाठलं, दंड धरला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, घाबरूनही नाही. बाजारात अनोळखी बाईने हात धरला तर माणूस पाहतो, तसं.

"तुम्ही कुठल्या, बाई?" ते म्हणाले.

मी तुमची मुलगी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पाणी घोट्यांशी होतं. मी म्हणाले, "तर आज येणार नाही. तांडेल आजारी आहे."

त्यांचा विश्वास बसेना. कुणी सांगितलं, म्हणून विचारू लागले. मागून मावशींनी हाक दिली, "मी सांगतंय, मास्तर. तर नाय यायची आज. घरी जावा."

मग ते वळले. पायऱ्यांशी येऊन मी मागे पाहिलं, तर आमच्या पावलांच्या जागी पाणी होतं.

घरी सगळे जेवले. भाकऱ्यांचं कौतुक झालं. निघताना एका गृहस्थांनी बाबांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, इतका जिवंत इतिहास कधी ऐकला नव्हता. बाबा संकोचून हसले. ते आता अगदी नेहमीचे होते, मला नावाने हाक मारत होते.

आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, दिवाळीपासून चाललंय. "रविवारी बोलायला लागले की पूर्वीसारखे होतात. म्हणून बंद करा म्हटलं नाही."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, एकट्याला सोडू नका म्हणाले. सहली थांबल्या. बाबांनी एका शब्दाने विरोध केला नाही. ते भांडले असते तर मला कमी भीती वाटली असती.

आता रविवारी मी जाते आणि आम्ही दोघं पुलापर्यंत फिरून येतो. बहुतेक वेळा ते गप्प असतात. परवा मधेच कठड्याला धरून थांबले आणि खाली बघत म्हणाले, "इथे ती बुडाली तेव्हा मी तरीत होतो."

कोण, असं मी विचारलं. त्यांनी एक नाव सांगितलं. आईने ते कधी ऐकलं नव्हतं. खाडीवरच्या मावशींनाही विचारलं, त्यांनीही नाही म्हणून मान हलवली. ते खरंच घडलं की बाबांच्या डोक्यात कुठून तरी येऊन बसलं, हे मला कळत नाही. त्यांच्या वयाचं, विचारता येईल असं, गावात कुणी उरलेलं नाही.