रॉकेटचा कडबा

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी शाळेत एक चूक करता करता वाचले... खरं सांगायचं तर अर्धी केलीच होती.

मी शिरूर कासारजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सोमवारी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या नववीतल्या मनीषाचा विषय होता, रॉकेटने मुंबई ते न्यूयॉर्क प्रवास.

पुठ्ठ्याचं मॉडेल तिचं, भाषण मात्र मी लिहून दिलेलं. 'फक्त अर्ध्या तासात' हे शब्द त्यात तीनदा होते. एका व्हिडिओत ऐकलं आणि लिहिलं... तपासलं नव्हतं.

सरावात ती तिथेच अडायची. एवढ्या आवाजाचं रॉकेट गावाजवळून कोण सोडू देईल? मग लांब समुद्रात बोटीनं जायचं, तपासणी, उतरल्यावर पुन्हा बोट... हा वेळ का नाही धरायचा, असं तिचं म्हणणं. परीक्षकांना उत्साह आवडतो, असं सांगून मी तिला गप्प केलं.

त्या शनिवारी दुपारी सराव चालू असतानाच तिचे वडील आले. रविवारी मुकादमाचा ट्रॅक्टर ऊसतोडीला निघणार होता. मनीषाला चुलतीकडे ठेवायचं की सोबत न्यायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. सोबत गेलेली मुलगी हंगाम संपेपर्यंत वर्गात दिसत नाही, हे मी दरवर्षी बघते.

प्रदर्शनासाठी तरी तिला ठेवा, म्हटलं. त्यांनी माझा कागद हातात घेऊन पाहिला.

"बाई, लिहून दिलेलंच म्हनायचं तर कुनी बी म्हनंल. यात हिचं काय हाय?"

त्यात तिचं खरंच काही नव्हतं. मी कागद परत घेतला आणि मनीषाला म्हटलं, तुला जे वाटतं ते सांग.

तिनं बोटीचं सांगितलं. मग म्हणाली, विमान बाहेरची हवा वापरतं, रॉकेटला इंधनाबरोबर ऑक्सिजनही सोबत न्यावा लागतो. म्हणून बहुतेक वजन त्याचंच, माणसं थोडी.

वडिलांनी मॉडेल हातात घेतलं.

"म्हंजी हे कडब्याचं गनित हाय. आमी आदी बैलगाडीनंच कारखान्यावर जायचो. जितकं लांब, तितका कडबा. कडबा वाढला की वजन वाढतं, मग बैलाला आनखी कडबा. शेवटी पोरांना बसायला जागा ऱ्हात न्हाई." मग हसले. "आमच्या बैलाला वाटंत चरायला तरी मिळायचं. ह्याला वर कोन चारनार?"

अठरा वर्षं मी हे फळ्यावर सूत्रं मांडून शिकवतेय...

जाताना ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हिला चुलतीकडं."

सोमवारी तक्त्यावरच्या 'अर्ध्या तासात' वर मनीषानं पांढरा कागद चिकटवलेला होता. परीक्षकांनी विचारलं, मग असा प्रवास कधी होणारच नाही का? ती शांतपणे म्हणाली, "होईल सर, पण आधी सामान जाईल. रॉकेटं लई येळा सुखरूप उतरलेली दिसली, की मग माणसांचं बघू. खर्चाचं मला अजून माहीत न्हाई."

नंबर आला नाही.

बुधवारी उसाच्या फडातून तिच्या वडिलांचा फोन आला. नंबराचं त्यांनी विचारलंच नाही. "कडब्याचं सांगितलं का तिनं?" सांगितलं, म्हटलं. पलीकडे ते कुणाला तरी म्हणाले, "सांगितलं म्हनं"... आणि दोघं-तिघं हसल्याचं ऐकू आलं.

ते भाषण मी टाकलं नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. यापुढे मुलांची वाक्यं मुलंच लिहितील, मी फक्त तपासीन. आणि माझी स्वतःची आधी.

आज मनीषा तिसऱ्या बाकावर होती. मोसम संपेपर्यंत तो बाक भरलेला राहणार आहे... याचं श्रेय रॉकेटला नाही, 'यात हिचं काय हाय?' या तिच्या वडिलांच्या प्रश्नाला.