अळंबीची जागा

माझ्या सासूबाई, पार्वतीबाई, कुडाळकडच्या. रानातली अळंबी शोधण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. कुठल्या वारुळापाशी कधी उगवतात, सगळं तोंडपाठ. पण जागा विचारली की मिठाची गुळणी. अगदी नवऱ्यालासुद्धा सांगायची नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. "सांगली तर अळमी रुसतत," म्हणायच्या. यावरून मी त्यांना खूप चिडवलं आहे.

माझ्या नवऱ्याची, सतीशची, नोकरी जयपूरच्या सीतापुऱ्यात, म्हणून त्या आमच्याकडे आल्या. जवाहर नगरातल्या आमच्या घरी त्यांना करमत नसे. हिंदी येत नाही, बोलायला कोणी नाही. सहा वर्षांची नात कस्तुरी, तेवढंच त्यांचं माणूस. ती जेवायची आजीच्याच हातून. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

गेल्या श्रावणात चार दिवस पाऊस लागला. पाचव्या दिवशी सकाळी फिरायला गेलेल्या सासूबाई पदरात अळंबी घेऊन आल्या. "भाजीवाल्याकडे गावली," म्हणाल्या. ऑफिसच्या घाईत मी नीट बघितलंही नाही. चारच होती. त्यांनी ती खोबरं घालून परतली आणि सगळी नातीला भरवली.

दोन तासांत कस्तुरीला उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. मी म्हटलं, बाजारातले मशरूम. त्यांनी साधं पोट बिघडलंय असं धरून औषध दिलं. दुपारी पोर डोळे उघडेना, तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला.

"बाजारातली नाय गो ती. पार्कातली, कडुनिंबाखालची. गावच्यासारखीच दिसली माका."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"जागा सांगूची नसता ना."

माझं डोकंच फिरलं. "यापुढे माझी मुलगी तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही," मी ओरडले. कस्तुरीच्या खाटेपाशी उभी राहून ओरडले.

खरं कळल्यावर डॉक्टरांनी उपचार बदलले. तीन दिवसांनी कस्तुरी बरी होऊन घरी आली. सासूबाईंनी रव्याचे लाडू वळून ठेवले होते. एक त्यांनी तिच्यापुढे धरला. कस्तुरीने हात पुढे केला, मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"मम्मी, आजीचं खाऊ? मतलब, काही नाही होणार ना?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी लाडवाकडे बघत राहिले. तेवढ्यात सासूबाईंनी लाडू मोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला तळहातावर घेऊन नातीसमोर बसून राहिल्या, आपल्याला काही होत नाही हे तिला दिसेपर्यंत.