निळ्या बोटांची तक्रार

परभणीच्या कडाक्याच्या थंडीत घडलेले ते प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते. तेव्हा मी सोनपेठ भागात ठाणेदार होतो.

सकाळीच खबऱ्याचा फोन आला. "साहेब, दवाखान्यापुढं लय माणसं जमायलीत. दगडं हातात हायत."

मेंढपाळ घरातली एक बाई बेशुद्ध पडली होती; तिला सरकारी दवाखान्यात हलवले होते. तिचा भाऊ ओरडत होता, "डॉक्टरीन बाईनं माज्या बहिणीवर प्रयोग केला!" मी दवाखान्याला बंदोबस्त लावला, भावाची तक्रार नोंदवून घेतली आणि डॉक्टरबाईंना ठाण्यात आणले.

त्या शांतपणे बोलल्या. थंडीत लोकांची बोटे सुजून निळी पडतात, त्यांची आग होते आणि खाज सुटते. रक्तवाहिन्या रुंद करणारी रक्तदाबाची जुनी गोळी त्यावर कितपत चालते, याचा त्या रीतसर परवानगीने आणि रुग्णांच्या संमतीने अभ्यास करत होत्या. ती बेशुद्ध पडलेली बाई आणि तिचा नवरा दोघेही त्यात होते.

"नवऱ्याची बोटं तर पार बरी झाली होती. बाईंना मात्र फरक कमी होता," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला बोलावले. तो घोंगडीत हात लपवून बसला. घरात भांडण नाही, कुणाशी वैर नाही, एवढेच सांगत राहिला. जबाबावर सही करायला हात बाहेर काढला, तेव्हा मी पेन तसेच धरून ठेवले. बोटे सुजलेली, जांभळी होती.

"बरी झालेली बोटं पुन्हा अशी कशी झाली? तुझ्या गोळ्या कुठं गेल्या?"

त्याची मान खाली गेली. "तिला दिल्या, साहेब. शेळ्यांचं दूध पिळताना बोटं दुखून रडायली व्हती. म्हणलं, माज्या बी घेतल्यावर लवकर बरं वाटंल. दोघांच्या संगंच घेतल्या तिनं."

दुप्पट औषधाने रक्तदाब कोसळला होता. दुपारी सरकारी दवाखान्यात बाई शुद्धीवर आली. तिनेही तेच सांगितले. वर भावाला म्हणाली, "दाजीला काय बोलू नको, दादा." भावाने दवाखान्यापुढची माणसे स्वतः घरी पाठवली आणि डॉक्टरबाईंपुढे हात जोडले. डॉक्टरबाईंनी त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांनाही समोर बसवून गोळ्या समजावून द्यायला सुरुवात केली.

पुढे हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला मी सांगत आलो: घरच्यांना 'भांडण होतं का' असं विचारता, तसंच 'एकमेकांवर जीव किती होता' हेही विचारत जा.