शंभर टक्के झालेला भूगोल

भूगोलाचे सर अठ्ठावीस वर्षं सातवीला शिकवत होते. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, नकाशा मात्र एका दमात काढत. गेल्या वर्षी वर्गात भिंतीएवढा पडदा आला आणि सरांच्या तोंडाची चव गेली.

पडद्यावरचे धडे वरच्या कार्यालयाच्या अ‍ॅपमधून येत. बावीस मिनिटांचा व्हिडिओ. आधी संगीत, मग गोड आवाजाची एक बाई, जिला जगात कशाचंच आश्चर्य वाटत नसे. व्हिडिओ न थांबता संपला तरच अ‍ॅप हिरवी खूण करी. मध्ये थांबवला, की तास झालाच नाही.

सर थांबवत. भरती-ओहोटीच्या धड्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, चंद्र एकच, मग भरती दिवसातून दोनदा का?" असा प्रश्न वर्षातून एकदा येतो. सरांनी व्हिडिओ थांबवला आणि घंटा होईस्तोवर फळा भरला. सहामाहीला कागदोपत्री सातवीचा भूगोल शून्य टक्के शिकवून झाला होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. "अहो, थांबवता कशाला?"

"पोरं विचारतात."

"विचारणारच. आपण कशाला त्यांच्या तोंडी लागायचं? महिनाअखेर शंभर टक्के दिसले नाहीत तर सातवी काढून घेईन. मग बसा कपाटांच्या याद्या करत."

हिरव्या खुणांत चित्रकलेचे मास्तर कायम पहिले. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या वर्गात धडा लावून ते डबा खात. "तुम्ही म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखे! यंत्राला काय ठाऊक, बाकावर पोर आहे की धूळ?"

सरांना शिसारी आली. पण सातवी सोडवेना. दुसऱ्या दिवसापासून ते धडा लावत, दार ओढून घेत आणि पोरांना जिन्याखाली नेऊन फरशीवर खडूनं शिकवत. आत गोड बाई रिकाम्या बाकांना समुद्र समजावून सांगे. खुणा पटापट पडल्या. हात धुताना खडू निघे. बटण दाबलेलं बोट मात्र कितीही घासलं तरी ओशट वाटे.

महिनाअखेर शंभर टक्के झाले. मास्तरांनी टाळी मागितली, सरांनी हात खिशात घातला.

मुख्याध्यापिकाबाई पत्र घेऊन हसतच आल्या. "अभिनंदन! वरचे साहेब खूश आहेत. म्हणतात, एकदाही थांबवावं लागत नाही, तर तिथं शिक्षक अडकवायचा कशाला? बटण शिपाईही दाबेल. सोमवारपासून तुम्ही कपाटं बघा. इथं सही."

"बाई, वर्गात कोणी नव्हतं."

"काहीतरीच! शंभर टक्के आहेत."

सरांनी जिन्यासकट सगळं सांगितलं. बाईंनी पटकन दार लावलं. "हे मी ऐकलं नाही. खोट्या नोंदीची चौकशी लागेल. आधी तुमच्यावर, मग माझ्यावर."

सरांनी पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःविरुद्धच तक्रार लिहायला घेतली, तारीखवार, तासवार. पेन बाईंचंच मागून घेतलं.