पत्रिकेत राहिलेलं नाव

पिंपळवंडीत लग्न ठरलं की आधी गेणभाऊंना गाठायचं, मग बस्त्याला जायचं. पत्रिकेत भावकीतल्या कुणाच्या नावाखाली कुणाचं नाव येतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दीडशे नावं, आणि दीडशेच्या दीडशे जण आधी स्वतःचं नाव शोधणार! नाव खाली गेलं तर माणूस जेवायला येतो पण बोलत नाही. राहिलंच तर येतही नाही.

असं एक नाव गेणभाऊंच्याच हातून राहिलं होतं. १९९९ साली भिमाजीच्या थोरल्या मुलीच्या, आरोहीच्या पत्रिकेत तिच्या सख्ख्या चुलत्याचं, रामनाथचं नाव आलं नाही. गेणभाऊंनी चिंचवडला त्याच्या घरी जाऊन स्वतःचे कान धरले. पण रामनाथला वाटलं, दादानंच नाव खोडायला लावलं आणि आता म्हाताऱ्याला पुढं केलंय. नऊ वर्षं भाऊ एकमेकांच्या दारात गेले नाहीत. गेणभाऊंना हे फार लागलं होतं.

२००८ला भिमाजीच्या धाकट्या मुलीचं, स्नेहलचं लग्न ठरलं. आळेफाट्यावर माझं सायबर कॅफे होतं. त्या सुमारास इंटरनेटवर एक नवी सोय निघाली होती. आम्ही तिला पाटी म्हणायचो. एकच कोरं पान वेगवेगळ्या गावांतून एकाच वेळी उघडायचं, आणि कोण काय लिहितोय, काय खोडतोय, ते अक्षर न् अक्षर सगळ्यांना दिसायचं. गेणभाऊंना दाखवलं मात्र, खुर्चीतून उठेनात.

"म्हंजी कुणी खोडलं ते समद्यांना दिसतं?"

"दिसतं."

"मंग ही पाटी नऊ वर्सं आधी का न्हाई काढली, राव?" जशी काही ती मीच काढली होती.

स्नेहलच्या पत्रिकेतली नावं पाटीवर लिहायला घेतली आणि भावकीला पाटीचा पत्ता कळवला. रविवारी सकाळी भिमाजीलाही शेजारी बसवला. अकराच्या सुमारास रामनाथनं पान उघडलं. अक्षरं उमटली: 'माझं नाव घालू नका.' भिमाजीनं मान खाली घातली. मग तीच अक्षरं शेवटाकडून एकेक पुसली गेली. त्या जागी आलं, 'दादा आहे का तिथं?'

"हाय म्हणावं," भिमाजी कसाबसा म्हणाला. गेणभाऊंनी एका बोटानं लिहिलं.

'मग घाला. दादाच्या खाली.'

गेणभाऊ माझ्या टेबलावर डोकं टेकून रडले. मीही काही कोरडा राहिलो नाही.

पाटी मात्र टिकली नाही. वापरणारे फार थोडे, म्हणून महिनाअखेर बंद, अशी सूचना आली. एवढ्या मोठ्या जगात आमच्या भावकीएवढी तरी माणसं मिळू नयेत? मला रागच आला. घाईघाईत नावं उतरवून छापखान्यात दिली. आठशे पत्रिका आल्या. भिमाजीनं वरून खाली वाचली, पुन्हा वाचली. रामनाथ होता. सगळे होते. गेणभाऊच नव्हते. पाटीवर बघायला गेलो, तर पान केव्हाच गेलेलं. दुसऱ्यांची नावं लावता लावता गेणभाऊ स्वतःचं लिहायलाच विसरले असणार.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "मी कुटं रुसतोय?"

पुढच्या रविवारी रामनाथ आला. नऊ वर्षांनी. भिमाजीच्या ओसरीत दोघं भाऊ पेनं घेऊन मांडीला मांडी लावून बसले आणि आठशे पत्रिकांवर त्यांनी हातानं गेणभाऊंचं नाव लिहिलं. गेणभाऊ शेजारी चहा पीत एकेक पत्रिका तपासत होते, या वेळी एकही सुटू नये म्हणून.