चार बोटं खाली

प्रकाश टिपणिसांनी अमिरातीत आल्यापासून एकतीस वर्षांत एकदाही लाल सिग्नल तोडला नाही, असं त्यांच्या ऑफिसात चेष्टेने सांगत. चेष्टा खरी होती. शारजातल्या एका क्लिअरिंग कंपनीत ते कागदपत्रं पाहत. खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर उतरला की त्याचे कागद आधी टिपणिसांच्या टेबलावरून जायचे, आणि त्यांची बारीक सही झालेला कागद कस्टममधून परत आला, असं कधी घडलं नाही. राहायला अजमान. ऑफिसात दोन, घरी एक आणि गाडीत एक, अशा प्रत्येक कागदाच्या चार प्रती.

“आपण इथे पाहुणे,” हे त्यांचं पालुपद. “पाहुण्याने यजमानाच्या फडताळाला हात लावू नये.”

त्यांची बायको प्रमिला हे ऐकून कंटाळली होती. “एकतीस वर्षं राहतो त्याला पाहुणा नाही म्हणत हो,” ती म्हणायची. “घरजावई म्हणतात.”

गेल्या वर्षी प्रमिलाच्या पोटात कॅन्सर निघाला. उपचार चालले होते कंपनीच्या विम्यावर, विमा होता व्हिसावर, आणि व्हिसा साठीला टेकलेल्या टिपणिसांच्या नोकरीवर. एकावर एक रचलेल्या पेट्यांसारखं सगळं. खालची हलली की वरच्या आल्याच खाली. टिपणीस आधीच जपून वागणारे, आता तर ते रस्ता ओलांडतानाही दोनदा थांबत.

प्रमिला इतकी वाळली की मंगळसूत्राची सोन्याची साखळी तिच्या गळ्याच्या हाडाला टोचू लागली. म्हणून तिने दोन्ही वाट्या साध्या काळ्या पोतीत ओवून घेतल्या. एक वाटी सासरची, एक माहेरची. माहेरची जरा लहान, हरभऱ्याएवढी, कडेला किंचित चेपलेली. प्रमिलाचे वडील वाईच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मुलीच्या लग्नात सोनं घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा आईने कानातल्या कुड्या मोडून ती वाटी घडवली होती आणि पुढे मरेपर्यंत कानात मोत्यांच्या खोट्या कुड्या घातल्या. आता आईवडील नव्हते, भाऊ नव्हता, वाईचं बिऱ्हाड तर कधीच उठलं होतं.

जानेवारीत घराजवळच्या पार्कात मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. प्रमिलाला बसवत नव्हतं, तरी ती हट्टाने गेली. हिरवळीवर सतरंज्या टाकल्या होत्या. वाण घ्यायला उठताना शालीच्या गोंड्यात पोत अडकली आणि हिसका बसला. मंगळसूत्र तुटलं असं कोणी तोंडाने म्हणत नाही, म्हणून बायका “वाढलं, वाढलं” करत गवतावर ओणवल्या. मणी बरेचसे मिळाले. वाटी एकच मिळाली, मोठी.

“बघा,” प्रमिला घरी येऊन म्हणाली, “सासर कसं चिकटून राहिलं. माहेर गेलं.”

इरा, त्यांची मुलगी, अबू धाबीला खलिफा सिटीत राहायची. ती फोनवर म्हणाली, “आई, इट्स सच अ टायनी थिंग. वी विल गेट अनदर वन मेड.”

“हो गं, करू,” प्रमिला म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने टिपणिसांकडे पाहिलं. “मला जाताना ती हवी होती. बाकी काही मागत नाही मी.”

दुसऱ्या दिवसापासून टिपणीस ऑफिस सुटल्यावर थेट पार्कात जाऊ लागले. शर्टाच्या बाह्या न दुमडता, हात पाठीशी बांधून, मान खाली घालून ते हिरवळीवर फेऱ्या मारत. तिसऱ्या दिवशी मागून आवाज आला, तोही मराठीत.

“साहेब, काही हरवलंय की पेरताय?”

हे खैरुद्दीन. पार्कची देखभाल ज्या ठेकेदाराकडे होती त्याचे सुपरवायझर, मूळचे रायगडातल्या म्हसळ्याचे. बायको मैमुनाबी तिकडेच, आणि हे सव्वीस वर्षं इथे, गवताला पाणी घालत. टिपणिसांनी सगळं सांगितलं. खैरुद्दीन टूलरूममधून एक लांब दांड्याचं यंत्र घेऊन आले. खाली थाळीसारखी चकती, वर डबी. गवताखाली गाडले गेलेले पाण्याचे व्हॉल्व शोधायला ते वापरत.

“हे चालेल?” टिपणिसांनी विचारलं. “म्हणजे नियमात बसतं?”

“मशीन फिरवणं माझी ड्यूटीच आहे. व्हॉल्व शोधतोय मी. तुम्ही शेजारून चाला, गप्पा मारा. गप्पा मारायला बंदी नाही ना?”

चार संध्याकाळी ते दोघे मगरिबची बांग होईपर्यंत चालले. यंत्र लोखंडाला घोगरं ओरडायचं, लहानसहान धातूला किनऱ्या आवाजात. बाटल्यांची टोपणं, सरबताच्या डब्यांच्या कड्या, एक किल्ली. वर दिसेल ते खैरुद्दीन उचलून पिशवीत टाकत. किल्ली त्यांनी ऑफिसात जमा केली, तेव्हा टिपणिसांना त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

पाचव्या दिवशी, सतरंजीची जागा सोडून सहा पावलांवर, यंत्र वेगळंच वाजलं. बारीक, गोल, न थरथरता. खैरुद्दीनांनी चकती बाजूला नेली, आवाज थांबला. परत आणली, परत तोच.

“खाली आहे,” ते कुजबुजले. “चार बोटं. पाइपवाल्यांनी परवा इथे माती टाकली, दबलं असणार.”

“टोपण असेल.”

“साहेब, दहा वर्षं हे मशीन माझ्या हातात आहे. टोपण असं नाही गात.” त्यांनी कमरेचं खुरपं काढून टिपणिसांपुढे धरलं. “घ्या. एक मिनिटाचं काम. मी तिकडे तोंड करून उभा राहतो.”

टिपणिसांनी खुरप्याकडे पाहिलं. मग लहान फाटकाजवळच्या पाटीकडे पाहिलं. अरबी, इंग्रजी आणि उर्दूत लिहिलं होतं, गवत उपटू नये, जमीन खोदू नये. पाटीच्या वर खांबावर कॅमेरा होता. त्यांच्या डोक्यात पेट्या हलू लागल्या. तक्रार, दंड, कंपनीला पत्र, व्हिसा, विमा, प्रमिलाची सोमवारची सलाइन.

“नको,” ते म्हणाले.

“बरं, मी काढतो. माझ्या हाताने.”

“अजिबात नाही. तुमचीही नोकरी आहे. मी नगरपालिकेत, बलदियात, रीतसर अर्ज करतो. आठ दिवसांचा प्रश्न आहे. जमिनीतलं सोनं काही पळून जात नाही.”

“साहेब, ऐका माझं...”

“तुम्हाला शपथ आहे, खैरुद्दीनभाई. हात लावायचा नाही.”

खैरुद्दीनांनी खुरपं कमरेला परत खोचलं आणि त्या जागी पाण्याच्या पाइपवर खूण करायची निळी झेंडी टोचली. “शपथ घातलीत,” ते म्हणाले. “आता मी बांधला गेलो.”

टिपणिसांनी अर्ज केला तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला अर्ज असावा. टायपिंग सेंटरमध्ये बसून अरबीत लिहवून घेतला, सोबत पार्कचा नकाशा, जागेवर फुली, प्रमिलाच्या गळ्यातल्या मंगळसूत्राचा लग्नातला फोटो, ओळखपत्रांच्या प्रती. बलदियातला तरुण अधिकारी पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याच्या बाह्या मागे सारून सगळे कागद बघत राहिला.

“अंकल, आप वकील हो?”

“नहीं सर. डॉक्युमेंटेशन.”

तो हसला. “सात दिन. इन्शाल्ला, उसके पहले.”

घरी आल्यावर टिपणिसांनी प्रमिलाला फक्त एवढंच सांगितलं, की काम मार्गी लागलंय. ती उशीला टेकून बसली होती. “मार्गी म्हणजे? सापडली?”

“जवळजवळ.”

“कस्टममध्ये अडकलीय वाटतं,” ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

परवानगीचं पत्र सहाव्या दिवशी दुपारी फोनवर आलं. सात दिवसांच्या आत, सांगितल्याप्रमाणे. टिपणिसांनी पत्राच्या चार प्रती काढल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून पार्क गाठलं.

हिरवळ नव्हती. मधला अख्खा पट्टा तपकिरी, उघडा, नुकता सपाट केलेला. जुनं गवत यंत्राने मातीसकट गुंडाळून काढलं होतं आणि ट्रक भरून कुठेतरी गेलं होतं. मोठ्या फाटकावर कामाची सूचना पंधरा दिवसांपासून लावलेली होती. जन्मात एक पाटी न वाचता पुढे न गेलेला हा माणूस, पण गेले पंधरा दिवस तो टूलरूमच्या बाजूच्या लहान फाटकाने आत येत होता. गवत बदलायचं काम दुसऱ्या कंपनीचं होतं, ते महिनाभराने निघेल असं खैरुद्दीन धरून चालले होते, आणि त्यांना त्यांच्या ठेकेदाराने चार दिवस खोर फक्कानच्या कामावर पाठवलं होतं. ते त्याच सकाळी परतले होते आणि उघड्या मातीत निळी झेंडी शोधत होते.

“काल काढलं,” ते म्हणाले. त्यांना टिपणिसांच्या डोळ्याला डोळा देता येईना. “मी इथे असतो तर मशिनीपुढे आडवा पडलो असतो.”

परवानगीत अट होती म्हणून तो तरुण अधिकारीही आला. त्याने माती पाहिली, दोघांकडे पाहिलं, आणि हळू विचारलं, “कितना नीचे था?”

टिपणिसांनी हाताची चार बोटं जोडून दाखवली.

अधिकाऱ्याने त्या बोटांकडे पाहिलं. “बस? अंकल, इतने के लिए आप मुझे एक फोन करते. मैं बोलता निकालो, खलास.” त्यात रागाचा सूर नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग तो म्हणाला, “यल्ला, फिर भी देखते हैं,” आणि तासभर उन्हात उभा राहिला. खैरुद्दीनांनी इंच इंच यंत्र फिरवलं. दोन खिळे निघाले.

संध्याकाळी टिपणीस घरी आले आणि बूट न काढता पलंगापाशी खुर्ची ओढून बसले. खोटं बोलायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण त्याची सवय नव्हती. त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. आवाज, खुरपं, पाटी, शपथ, अर्ज, ट्रक. अधिकारी काय म्हणाला तेही सांगितलं.

प्रमिलाने उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

“म्हणजे तुम्ही तिच्यावर उभे होतात,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि खुरपं समोर होतं.”

“तुझी सोमवारची सलाइन होती, प्रमिला. काही झालं असतं तर...”

“मला सलाइन नको होती हो. मला ती हवी होती.” तिचा आवाज चढला नाही. “एकदा तरी. एकतीस वर्षांत एकदा तरी न विचारता हात घालायचा होतात.”

टिपणिसांनी चष्मा काढला आणि ते तो नुसताच हातात धरून बसले. बाहेर वर्दळीचा आवाज होता. तिने डोळे मिटले.

“कसं वाजत होतं ते?”

“काय?”

“मशीन. तिच्यावर आल्यावर कसं वाजलं?”

“असू दे ना आता.”

“करून दाखवा.”

ऑफिसात कधी गुणगुणले नाहीत असे टिपणीस. त्यांनी घसा साफ केला आणि बारीक आवाजात, ओठ जेमतेम उघडून, तो सूर काढला. ऊंऽऽ. मध्येच त्यांचा श्वास तुटला.

“थरथरतोय,” प्रमिला डोळे न उघडता म्हणाली. “तुम्ही म्हणालात तो थरथरत नव्हता.”

त्यांनी पुन्हा केलं. तिने उजवा हात उचलून गळ्याशी ठेवला आणि ऐकत राहिली. “पुन्हा,” ती म्हणाली. त्यांनी पुन्हा केलं. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळत होतं आणि ते पुसायला टिपणीस उठले नाहीत, कारण उठले असते तर आवाज थांबला असता.

प्रमिला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. सवाष्णीला तयार करायला मराठी मंडळातल्या बायका आल्या, त्यांतल्या लतिकाताई सगळ्यांत वडील. हिरवी साडी, कुंकू, फुलं झाली. मग त्या पोत हातात घेऊन बाहेर आल्या. खैरुद्दीन टोपी मुठीत धरून दाराबाहेर उभे होते. टिपणीस त्यांच्याशेजारी.

“प्रकाशभाऊ, एकच वाटी आहे. जोडी असलेली बरी. माझी एक जुनी पडून आहे घरी, दहा मिनिटांत आणते. ओवू का?”

इराने बापाकडे पाहिलं. टिपणिसांनी पोत हातात घेतली. मोठी वाटी एका बाजूला, आणि तिच्या शेजारी काळ्या मण्यांमध्ये बोटभर नुसता दोरा. प्रमिलाने परत ओवताना ती जागा तशीच मोकळी ठेवली होती.

“नको,” ते म्हणाले. “हेच घाला.”