मी हाये गाडीपाशी

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ज्या माणसानं आमच्या हिंगोलीतल्या अख्ख्या गल्लीला अर्धा महाराष्ट्र दाखवला, त्यानं स्वतः मात्र फक्त वाहनतळ पाहिले.

गल्ली त्यांना मामा म्हणायची. भाड्याची जीप चालवायचे. देऊळ येवो की किल्ला, बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "तुमी या पाहून. मी हाये गाडीपाशी."

पूर्वी एकदा लग्नाचं वऱ्हाड नेताना ते वाटेत दर्शनाला उतरले आणि मागं गाडीतून नवरीच्या शालूची बॅग चोरीला गेली. नवरीच्या बापानं चकार शब्द काढला नाही. तेच मामांना लागलं. तेव्हापासून गाडी सोडणं बंद. वेरूळ कसं आहे विचारलं, तर तिथल्या झाडाची सावली लई थंड, एवढं सांगायचे.

मामांना जाऊन आता वर्ष होईल. मला आठवतो तो कोकणातला किनारा.

कोळ्यांच्या गावापलीकडचा, काळ्या खडकांचा. पालथ्या दोन होड्या, वाळत टाकलेली जाळी. चोर सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी बॉनेटवर थाप पडलीच. आमच्या मंडळींनी विनवलं, चिडवलं. मामा हसले, पण हलले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या सीटवर जाऊन बसलो आणि आजचा पहारा माझा, असं जाहीर केलं.

"तुमी?" त्यांनी मला असं न्याहाळलं, जणू तो शालू मीच नेला होता.

मग किल्ली माझ्या हाती देऊन, सगळी दारं ओढून पाहून, मागं वळत वळत ते उतारानं गेले.

बराच वेळ झाला. मला आरशात समुद्राची एक पट्टी तेवढी दिसत होती. घामानं निथळत बसलो असताना आजवरच्या एकेका सहलीसाठी मी मामांचे मनोमन आभार मानले.

खाली ओहोटी लागली होती. पाणी खडक उघडे टाकत मागं सरकत होतं. आमच्याकडचा तलाव एकदा मागं सरकला की पावसाळ्याशिवाय परतत नाही, आणि मामांना पाण्याची तेवढीच रीत ठाऊक. माझं बघणं राहून जाईल, या धास्तीनं ते चपला हातात घेऊन चढावर पळत आले, दार उघडून त्यांनी माझं मनगट धरलं. मी म्हटलं, थांबा, कुलूप तरी लावतो.

"समुद्र निघून चालला न भाऊ, मरू द्या ती गाडी!"